शेणव्यातला सत्कार

वैशाखरे, ता. मुरबाड
११ डिसेंबर २०२५

शेखरदादा,

नमस्कार. साष्टांग लिहायला हात धजत नाही, एवढ्यावर भागवून घे.

इकडे सगळे बरे आहेत. भात झोडून झालं. प्रज्वलला धूळ लागू नये म्हणून यंदा खळं घरापासून लांब केलं. तो आता पोटभर जेवतो. डोक्यावर केस येऊ लागलेत, आईसारखे कुरळे. आपला धाकटा भाऊ आहे, तुला कळवायला हवं म्हणून लिहिते.

काल वाल्मिककाकांचा फोन आला. कॅन्सर झालेल्या भावाला स्वतःचा बोनमॅरो दिलास म्हणून येत्या रविवारी शेणव्यात तुझा सत्कार आहे म्हणे. आणि तू लोकांना सांगतोस, डॉक्टर-नर्स नुसते बघत होते, वाचवलं मी.

ते काय बघत होते, ते ऐक.

तुझी जुळणी पूर्ण होती. हॉस्पिटलातल्या समुपदेशक सरिता मॅडमनी तुला एकट्याला बसवून विचारलं होतं, की नको असेल तर आत्ता सांगा, घरी कोणाला कारण कळू देणार नाही. तू हो म्हणालास. मग प्रज्वलची औषधं सुरू झाली आणि त्या औषधांनी त्याच्या हाडांतला सगळा बोनमॅरो मारून टाकला. आता दुसऱ्याचा आत गेला नाही तर पोर जगत नाही, हे मोठ्या डॉक्टरबाईंनी तुला समोर बसवून समजावलं होतं.

आणि द्यायच्या दिवशी तू आला नाहीस. फोन बंद.

रुपा सिस्टर धावत बाईंकडे गेल्या. बाईंनी सगळ्यांना एका खोलीत गोळा केलं, मलाही बसवलं. तुझ्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढला नाही. माझी जुळणी अर्धी होती, अडचणीला असावी म्हणून त्यांनी आधीच तपासून ठेवली होती. एक तरुण डॉक्टर म्हणाले, भाऊ येईल, उद्यापर्यंत थांबू. रुपा सिस्टर त्यांच्यावर कडाडल्या, "थांबायचं कोणाच्या जिवावर?" फार्मासिस्ट पंढरी सर वेगळ्याच गोष्टीला अडून बसले. अर्ध्या जुळणीला पुढची औषधं निराळी लागतात, ती पुन्हा ताडून पाहिल्याशिवाय एक बाटली देणार नाही म्हणाले. बाईंनी त्यांचंही ऐकलं. तोवर रक्तपेढीने रक्ताची सोय केली, भुलीच्या डॉक्टरांनी मला तपासलं.

सरिता मॅडमनी मला बाजूला नेलं. "अनिताताई, भावाचा राग आला म्हणून हो म्हणू नका."

मी रागानेच हो म्हटलं. त्यांनी पाणी दिलं, थोडा वेळ बसू दिलं, पुन्हा विचारलं. तेव्हा नीट हो म्हटलं, आणि माझा बोनमॅरो त्याला गेला.

इतके महिने गावात मी हे कोणाला बोलले नाही. तुझी लाज झाकत होते.

तुला भीती वाटली असेल. कमरेच्या हाडात सुई जाणार म्हटल्यावर मलाही वाटली. भीतीचा मला राग नाही. नाही म्हणायची वाट उघडी होती तेव्हा तू मान डोलावलीस, आणि प्रज्वलची परतीची वाट बंद झाल्यावर पळालास. नंतर त्याला ताप चढला, तोंड सोललं, थुंकी गिळवेना. ही सगळी माणसं एकमेकांना विचारत, एकमेकांशी भांडत त्याच्याभोवती उभी राहिली. त्यांच्या कष्टावर तू शाल घेणार? कुठल्या तोंडाने?

प्रज्वलला आम्ही काही सांगितलं नव्हतं. काल काकांचं फोनवरचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. मी सारवासारव करू लागले, तर म्हणाला, "ताई, मला ठाव हाय. दादा आला असता तर काचेतून हात तरी केला असता. रविवारी मला ने. मी काय बोलणार नाय. तो काय बोलतो ते ऐकायचंय."

मी रुपा सिस्टरना फोन केला. गर्दीत अजिबात न्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. म्हणून मी एकटीच येते. पुढच्या रांगेत बसेन, हातात फोन चालू असेल. इकडे प्रज्वल ऐकत असेल.

माइक हातात आल्यावर काय बोलायचं, ते तू ठरव.

प्रज्वलची ताई,
अनिता