पलंगाचं तोंड कुणीकडे

३ मार्च
नकाशा हाती आला! मनाने आजारी असलेल्या बारा मुलांचं उपचारगृह, वय तेरा ते अठरा. चार वर्षं व्यासपीठावरून घसा फोडला — या मुलांना वॉर्ड नको, घर हवं! — ते घर आता कागदावर आहे. प्रत्येक पलंगाचं तोंड खिडकीकडे. डोळे उघडले की समोर झाड.
आर्किटेक्ट म्हणाला, "ताई, सुरक्षेसाठी पलंग जमिनीला बोल्टने पक्के होणार. मग हलायचे नाहीत. मुलांना एकदा विचारू या."
"झाडाला कोण नाही म्हणेल?"

४ मार्च
लेक म्हणते, "मी!"
सोळा वर्षांची. ऑक्टोबरपासून झोप नाही, शाळा नाही. डॉक्टरांनी बजावलंय — उपचारगृहात राहायचं तर तिच्या मर्जीने, ढकलून नाही. आणि ती? "आई, तू बांधलेलं घर म्हणजे खोलीखोलीत माईक असणार." कार्टी!

९ मार्च
नमुन्याची खोली तयार. मत विचारायला चार मुलांना बोलावलं. लेकही आली, "केक आहे म्हणून." मी प्रास्ताविक केलं. पस्तीस मिनिटं. मतांना वेळ उरला नाही.

१० मार्च
आर्किटेक्टचा फोन. "काल तुम्ही झाड दाखवत होतात ना, तेव्हा तुमच्यामागे तुमची मुलगी पलंगावर पायथ्याकडे डोकं करून आडवी झाली. मग एकेक करून बाकीच्यांनीही तसंच केलं."
लेकीला विचारलं.
"दार डोक्यामागे असलं की झोप लागते का कुणाला? कोण येतंय ते दिसायला नको?"
पाच महिने डॉक्टर विचारताहेत, झोप का लागत नाही! आणि घरातला तिचा पलंग खिडकीकडे तोंड करून कुणी लावला? मीच. हौसेने.

११ मार्च
तिचा पलंग फिरवला. कपाट आडवं आलं; कपाटाची रवानगी बाहेर. ती दारात हाताची घडी घालून, "अध्यक्षमहोदया, जरा डावीकडे."

१२ मार्च
साडेनऊपर्यंत झोपली! एका पलंगाने आजार जात नाही, कळतं मला. तरी दूधवाल्याला बेल वाजवू दिली नाही.

१४ मार्च
संस्थेची सभा. बाराही पलंगांचं तोंड दाराकडे, मंजूर. चिटणीस चिमटा काढल्याशिवाय राहतात होय! "गेल्या खेपेला झाडाचं सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

१९ मार्च
दोघी कपडे वाळत घालत होतो. माझ्याकडे न बघता लेक म्हणाली, "तुझ्या त्या घरातली कोपऱ्यातली खोली कुणाला दिलीये का?"
"अजून नाही," म्हटलं. आणि झटकलेलीच चादर पुन्हा झटकत राहिले.