नमुना नावाची फाइल

अण्णा, दुकानातला तो जुना कॉम्प्युटर मी अखेर गेल्या महिन्यात बीडला नेला. नऊ वर्षं तो कपाटावर पडून होता, वर माझी जुनी ओढणी टाकलेली. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, ह्यात काय हाय, तर मी म्हटलं, भंगार. दुसरं काय सांगणार होते? त्यात माझ्या वडिलांचा, म्हणजे तुमचाच, शेवटचा कागद आहे आणि त्याच्यावर मीच दुसऱ्याचा कागद टाइप करून ठेवलाय, हे काय कंडक्टरला सांगायचं असतं? बीडचा स्टँड येईपर्यंत तो डबा मी मांडीवरच धरून बसले होते.

धंद्याची रीत तुमचीच होती. तहसीलच्या कुंपणाला लागून, पत्र्याखाली, तुम्ही तीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसलात आणि कोऱ्या कागदावर सुरुवात कधीच केली नाहीत. शेजारी कायम एक नमुना ठेवलेला. त्यातलं नावगाव बदलायचं, बाकी मजकूर तोच. कोरा कागद माणसाला येडं करतो, असं म्हणायचात. टाइपरायटर जाऊन दुकान झालं तेव्हा मीही तेच केलं. ‘नमुना’ नावाची एक फाइल. ती उघडायची, आधीच्याचं पुसायचं, नव्याचं घालायचं, छापायचं. वडवणीतली निम्मी माणसं त्या एका फाइलीतून जाऊन आली असतील.

शिकवलंतही तुम्हीच, आणि काही लाडाने नाही. मी दहावीत होते. बोटांकडे पाहिलं की पेरांवर पट्टी बसायची. “बोटांकडं कावून बघायलीस? डोळे कागदावर पायजेत. हाताला समदं म्हाईत असतंय.” हात शिकले, पेरं आठवडाभर दुखली. पण पट्टीपेक्षा मला तुमचा दुसरा नियम जास्त लक्षात राहिला. एकदा ‘क’च्या जागी ‘व’ पडला, म्हणून मी मागे येऊन त्याच्यावरच ‘क’ मारला. तुम्ही कागद ओढून काढलात, सगळ्या पक्षकारांसमोर टराटरा फाडलात. म्हणालात, चुकलं तर खोडायचं आणि बाजूला सही करायची, पण वरून मारायचं नाही, वरून मारणं म्हणजे लबाडी. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या मशीनपाशी एक गोल खोडरबर ठेवलेलं होतं, मागे बारीक ब्रश असलेलं. ते खोडरबर अजून माझ्या खणात आहे, दगडासारखं कडक झालंय.

ताईने मांजरसुंब्याच्या गॅरेजवाल्याशी लग्न केलं तेव्हा तुम्ही रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करण्याचा अर्ज मला सांगितलात. सांगितलात म्हणजे तुम्ही बोलत गेलात आणि मी टाइप करत गेले. एकही चूक झाली नाही. आई आधीच गेलेली, त्यामुळे घरात ताईचं नाव घेणारं कुणी उरलं नाही. पुढे कुणी विचारलं, अर्जनवीस, किती लेकरं, तर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात. खोटं सांगत नाही, मला ते आवडायचं.

मग ते शेवटचे चार महिने. हात थरथरायला लागले होते, तरी दुपारी गर्दी ओसरली की तुम्ही यायचात, मला खुर्चीवरून उठवायचात आणि टाइपरायटर असल्यासारखं कळा ठोकत बसायचात. काय लिहिता विचारलं तर पडदा अंगाने झाकायचात. “संपलं की देतो. तवर बघू नको.” सुरुवात अर्थातच नमुना उघडून केली होती, आणि लिहिलेलं त्याच फाइलीत साठवत राहिलात. एकदा म्हणालातही, ह्याला येगळं नाव दिऊन ठिव. मी उद्या देते म्हटलं. तोवर मी माझं काम दुसऱ्या फाइलीतून चालवत होते. माझा उद्या उजाडायच्या आधी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर दुकान उघडलं तर बाहेर रांग. पहिलीच एक म्हातारी होती, वारसाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. हात सवयीने नमुन्याकडे गेला. उघडलं, सगळं निवडलं, तिचा मजकूर टाइप केला, साठवलं, छापून दिलं. तिने कागदावर अंगठा उठवला तेव्हा मी मटकन खाली बसले. लोक मला पाणी देत होते, समजूत घालत होते, बाप गेल्यावर असं होतंच पोरी म्हणत होते. मी सगळ्यांना हेच सांगत आले की डोळे म्हातारीच्या कागदावर होते, अण्णांनीच तसं शिकवलेलं.

त्यानंतर दुपार झाली की मला त्या खुर्चीत बसवत नाही. नवा कॉम्प्युटर आणला, त्याच्या कळा लोण्यासारख्या मऊ, तरी तीनच्या सुमाराला कुणीतरी जोरात ठोकत असल्याचं ऐकू येतं. वेडी झालेली नाही. व्यवस्थित धंदा करते. पण ऐकू येतं.

आणि यंदा दिवाळीच्या सुमाराला ताई आली. लेकीच्या कॉलेजसाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. ती आता अंबाजोगाईला राहते, तिथे कुठेही झालं असतं, तरी वडवणीला आली आणि गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसली. केस पांढरे झालेत तिचे. कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि मग विचारलं, “अण्णा माज्याबद्दल कायी बोलले का गं शेवटाला?” मी म्हटलं, लिहीत होते काहीतरी, माझ्या हातून पुसलं गेलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “मग मी हाय का न्हाई त्यात, तेवढं तरी बघ.” म्हणून बीड.

बीडचा दुरुस्तीवाला पन्नाशीचा आहे, त्याचे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. त्याने सरळ सांगितलं, “डिलिट झालं असतं तर सोपं हुतं, मॅडम. तुमी वरून लिवलंय.” ‘वरून’, तुमचाच शब्द. मला पट्टी बसल्यासारखं झालं. दोन दिवसांनी फोन आला, मशीनने आपणहून ठेवलेली एक कच्ची नक्कल सापडली होती, तीही फाटकी. पडद्यावर पाहिलं तर नुसती इंग्रजी अक्षरं, काही अर्थ नाही. तो म्हणाला, ह्यात मराठी न्हाईच. मला कळलं, इंग्रजी कळांवर मराठी अक्षरं बसवणारा आपला तो जुना फॉन्ट त्याच्या मशीनवर नव्हता. मी त्याच्या कीबोर्डवर हात ठेवले आणि ती अक्षरं एकेक दाबत गेले. ई, वाय, के. डाव्या हाताचं मधलं बोट, उजव्याचं पहिलं, मग मधलं. मला. पडद्यावर कचराच उमटत होता, पण बोटं वाचत होती, अण्णा, तुमच्याच चालीने. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मला दोन मुली आहेत. थोरलीने’ आणि पुढे नुसते चौकोन.

मी ते दुकानात मराठीत छापून ताईला नेऊन दिलं. तिने कागद छातीशी धरला आणि मलाच जवळ घेतलं. म्हणाली, तू लई केलंस माझ्यासाठी. थोरलीने काय, ते तिने विचारलंच नाही, तिला पहिल्या वाक्यात सगळं मिळालं. मीच रोज विचारते. थोरलीने काय, अण्णा? बरं केलं? परत यावं? की मला माफ करावं?

हे पत्र मी कोऱ्या फाइलीत लिहिलंय, आयुष्यात पहिल्यांदा. छापणार नाही, ताईला तर दाखवणारच नाही. चुकलं तर बाजूला सही करायची म्हणायचात, तेवढी करते. म्हातारी आली त्या सकाळी मी पडद्याकडे पाहिलं होतं. ‘थोरलीने’ एवढा शब्द दिसला. तुमचं दुखणं मी काढलं होतं, आणि तुम्ही लिहीत होतात तिच्यासाठी. हात थांबवता आला असता.