आप्पा माझ्या घरी आले

निपाणी, २ मार्च १९३५
आज नव्या घरात बिऱ्हाड लावलं. कौलं पक्की, मागच्या परड्यात गोड्या पाण्याचा आड, तंबाखूची वखार हाकेवर. याच गल्लीत एके काळी पाठीवर पोती वाहिली. आज शेजारी 'या रवळूशेठ' म्हणतात. बायको रुक्मा लई खूश. बघायला फक्त आप्पा हवे होते. महिना होत आला त्यांना जाऊन. ताप दोनच दिवसांचा, कळवायला सवड मिळाली नाही, असं धाकटा भाऊ भरमा म्हणाला. गळ्यात पडून रडला.

दहाव्याला जांबोटीकडच्या आमच्या गावी, ओढ्यावर, कावळा पिंडाला शिवेना. शेत भरमाला देतो म्हटलं, बहिणीला अंतर देणार नाही म्हटलं, कावळा ढिम्म. शेवटी भरमा म्हणाला, अण्णा, आप्पाला तुझ्या घरी बोलीव, आणि जोरानं बोलीव, म्हातारं ठार बहिरं हुतं. मी बोंबच मारली, आप्पा, माझ्या घरी चला! सोयरे हसले. कावळा झेपावला. मला भरून आलं. भरमानं आप्पांची घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली.

५ मार्च
कान माझे तिखट. मुठीत तंबाखू चुरली की आवाजावरून ओल सांगतो. आज भर दुपारी जेवून पडलो होतो. सोप्यात टाच घासत कुणी चाललं. मग खाकरणं, आणि मागोमाग उसासा. आप्पाच! भ्यालो नाही, उलट पोटभर रडलो. घोंगडी अंथरली, तांब्यात पाणी ठेवलं. रुक्माला काहीच ऐकू आलं नाही. म्हणाली, आठवण येतीया तुमास्नी, दुसरं काय न्हाय.

८ मार्च
रोज दुपारी येतात. घोंगडीवर बसत नाहीत, माझ्या उशाशी उभे राहतात. श्वास नाकानं, जोराचा. लहानपणी मला मारायच्या आधी घ्यायचे तसा. काय चुकलं माझं? ओरडून विचारलं. उठलो तर घसा बसलेला. वखारीतले हमाल हसतात, शेठ, बोली लावून लावून नरडं गेलं व्हय!

११ मार्च
बहीण अंबूबाई आली. माझ्या गळ्यावर उमटलेले बोटांचे वळ बघितले. मग सगळं ओकली. आप्पा तापानं बरेच दिवस झुरत होते. रवळू आला काय रं, एवढंच विचारत. भरमानं निरोप धाडलाच नाही. शेताच्या कागदावर त्यांचा अंगठा घ्यायचा होता, तेव्हा मी तिथं नको होतो. वर आप्पांच्या कानाला तोंड लावून ओरडला, अण्णा म्हणतोय तंबाखूचा हंगाम हाय, म्हाताऱ्यासाठनं येळ न्हाय! आप्पा म्हणाले, मग मीच जातो त्याच्या दारात. आणि डोळे मिटले.

नंतर भरमाच्याच घरात टाच घासू लागली. म्हणून दहाव्याला माझ्या तोंडून बोलावणं करवलं.

गळ्यात पडून रडला होता. माझा भरमा. याला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली.

१२ मार्च
अंबूनं सोप्यात उभं राहून ओरडून खरं ते सांगितलं. पावलं थांबली नाहीत. त्यांना माझ्याच तोंडून हवं — आणि माझ्या तोंडून नुसती हवा येते.

१३ मार्च
रुक्मा वैद्याला आणायला गेली. ऊन सोप्यात आलं. टाच —

मला त्यांचं सगळं ऐकू येतं. त्यांना माझं काहीच —

आज उभे नाहीत. बसले. छातीवर. लिहितोय, पण आप्पांना वाचता कुठं —

बोटं गार. वाकले. कान माझ्या ओठांशी आणलाय. ऐकायचंय त्यांना! बोटं तेवढी सैल — आप्पा, बोटं —

आप्पा, मला निरोपच