लाल शीड

मार्तिग, गुरुवार

सिप्रियाँ,

तू व्हेनिसला आहेस की इस्तंबूलला, देव जाणे. तुझे दाजी सोमवारी पहाटे होडी घेऊन गेले, ते अजून परतले नाहीत. त्याच सकाळी तू आपल्या खाडीचं चित्र काढलंस आणि वाळायला माझ्याकडे ठेवून गेलास. आता सगळं गाव त्या चित्रासमोर उभं असतं. त्यात बेटापलीकडे एक लाल शीड आहे ना! सासूबाई ते दाखवून म्हणतात, "हाच माझा बार्नाबे!" दोन दिवस सगळे तिकडेच शोधताहेत. कुणी शंका काढली, की म्हातारा गास्पार खेकसतो, "अरे, पाण्यावरचा उजेडसुद्धा ज्याने सोडला नाही, तो होडी चुकवेल?"

पण मी तुझ्या मागेच कपडे वाळत घालत होते. चित्र संपवल्यावर तू मान तिरकी करून पुटपुटलास, "इथे जरा लाल हवं."

खरं सांग, तिथे होडी होती, की तुला नुसतं लाल हवं होतं?

जाऊ दे. होड्या पुन्हा बेटाकडे निघाल्यात. आता धक्क्यावर पळते आणि ओरडून सांगते, माझ्या भावाच्या चित्रावर जाऊ नका, खुल्या समुद्राकडे वळा.

तुझीच बहीण,
नोरीन