तांबू कालवडीस जिवंत घरी येऊ देण्याबाबत

दि. १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. जिल्हा पशुवैद्यकीय अधिकारी,
फेटेरिनेराम्ट (पशुवैद्यकीय कार्यालय).

विषय : वाढवण्यासाठी बाहेर दिलेली एक कालवड कत्तलखान्याऐवजी मूळ गोठ्यात परत आणण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) कालवडी सांभाळणारे श्री. ब्राइटनर यांचे आमच्या जावयांना आलेले पत्र.
२) आपल्या कार्यालयाशी फोनवर झालेले बोलणे.

महोदया,

मी हेमचंद्र विष्णू देवस्थळी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मूळचा वाईचा. सध्या जर्मनीत इंगोलश्टाटजवळच्या एका खेड्यात मुलगी शुभा व जावई लोरेन्झ यांच्याकडे राहतो. मला जर्मन लिहिता येत नाही, म्हणून अर्ज मराठीत लिहिला असून शुभाने केलेले भाषांतर सोबत जोडले आहे. दोन्हींत फरक आढळल्यास भाषांतर खरे मानावे. ती माझ्यापेक्षा कमी शब्दांत बोलते.

जावयांकडे मांसासाठीच्या गाई आहेत. या व्यवसायाविषयी माझी काहीही तक्रार नाही. लग्नाआधीच सर्व माहीत होते. मी ते अन्न खात नाही आणि त्यावरून या घरात मला कोणी कधी टोकलेले नाही.

म्हाताऱ्या गाई निघाल्या की त्यांच्या जागी कालवडी लागतात. आजवर त्या घरच्याच गोठ्यात वाढत. यंदा गवत कमी पडले, हाताखाली माणूस मिळेना, म्हणून जावयांनी दूध सुटलेल्या कालवडी प्रथमच श्री. ब्राइटनर यांच्याकडे वाढवायला दिल्या. अनेक गोठ्यांच्या कालवडी तेथे एका कळपात वाढतात, गाभण राहतात आणि मग आपापल्या घरी परततात. आमच्याकडेही वाट्याने जनावर वाढवायला देण्याची रीत आहे, त्यामुळे मला यात काही गैर वाटले नाही. उलट मुलांना मी सांगितले की कालवडी वसतिगृहाच्या शाळेत चालल्या आहेत.

मुले म्हणजे माझी नऊ वर्षांची नात उर्जा आणि शनिवारी माझ्याकडे मराठी शिकायला येणारी तिच्या बरोबरीची काही मुले. या बाकीच्या मुलांचे आईवडील मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आहेत. मुलांना मराठी सगळे समजते, पण उत्तर जर्मनमध्ये येते. चाळीस वर्षे शिकवूनही मला यावर उपाय सापडला नव्हता. तो बाहेर जाण्यापूर्वी आमच्याच गोठ्यात असलेल्या एका कालवडीने काढला. उर्जाने तिचे नाव तांबू ठेवले. तिथल्या सगळ्याच कालवडी तांबूस आहेत, हे मी निदर्शनास आणले, तेव्हा "पण ही जास्त आहे!" असे ती म्हणाली. हे तिने स्वतःहून उच्चारलेले पहिले पूर्ण मराठी वाक्य होय. त्यानंतर सर्व मुले तांबूशी मराठीत बोलू लागली. ती चुकांना हसत नाही, हे कारण त्यांनी मला दिले. मीही कधी हसलो नव्हतो, पण ते असो.

वर्ग सुटल्यावर जेवणापूर्वी पहिली पोळी गाईला द्यायची, ही आमच्या घरची पद्धत. मुले ती तांबूला देत. कधी हातातून, कधी खिशातून. घरच्या स्वयंपाकातले अन्न जनावराला घालण्यास आपल्या कायद्यात मनाई आहे, हे आपल्या कार्यालयाकडूनच मला कळले. हा मजकूर अर्जात घालू नका, असे शुभाचे म्हणणे होते. परंतु तो वगळला तर पुढचे काही समजणार नाही.

श्री. ब्राइटनर यांच्याकडे माणूस दिसले की बाकीच्या कालवडी दूर होतात. तांबू जवळ येते. ती आता मोठी झाली आहे. तिने त्यांच्या कामगाराला फाटकाशी दाबून धरले व त्याच्या विजारीचा खिसा फाडला. त्याला इजा झाली नाही, पण होऊ शकली असती, हे मला मान्य आहे. आता कळपात वळू सोडायचा आहे, रोज माणसाला आत जावे लागणार, आणि वेगळे ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही. म्हणून महिनाअखेरीपर्यंत तिला हलवावे, असे त्यांनी कळवले. करारात तसे कलम आहे व त्याखाली जावयांची सही आहे.

जावई तिला आणायला निघालेही होते. तेवढ्यात दुसऱ्या कोणाच्या कालवडीचा साथीच्या रोगासाठी केलेल्या रक्ततपासणीचा निकाल शंकास्पद आला आणि सर्व कळपावर बंदी लागली. या बंदीत जनावर दुसऱ्या गोठ्यात नेता येत नाही, कत्तलखान्यात मात्र नेता येते. शुभाने आपल्या कार्यालयाला फोन केला तेव्हा मी शेजारी बसून होतो. माझ्या सांगण्यावरून तिने विचारले की, म्हणजे ही कालवड जगणार असेल तर बाहेर पडू शकत नाही आणि मरणार असेल तर पडू शकते, असे आहे का? पलीकडच्या बाईंनी अतिशय सौजन्याने "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", असे उत्तर दिले.

रोग पसरू नये यासाठी नियम आहे, हे मी जाणतो. म्हणून मी तेथे जाऊन तिची सवय मोडण्याची तयारी दाखवली. वाईट सवय लागलेली पुष्कळ मुले मी न मारता सुधारली आहेत. परंतु ज्याच्या घरी गाई आहेत अशा माणसाला बंदीच्या काळात तेथे प्रवेश नाही. तेव्हा श्री. ब्राइटनर यांनी भलेपणाने कुंपणाबाहेरून फोन धरला आणि मी तिला "तांबू, मागे हो" असे समजावले. माझा आवाज ऐकून ती कुंपणावर चढू लागली. त्यांनी फोन बंद केला. बिघडवले ते मीच, असे आता त्यांचेही मत झाले असावे.

तरी विनंती की, तिला थेट घरी आणू द्यावे. आमच्या गोठ्यामागे एक रिकामी खोली आहे. फेरतपासणीचा निकाल येईपर्यंत तेथे ती एकटी राहील, तपासणीला आपण केव्हाही यावे. तेही शक्य नसल्यास निकाल येईपर्यंत तिला हलवण्याची मुदत वाढवून देण्याविषयी श्री. ब्राइटनर यांना आपल्याकडून दोन शब्द जावेत. आमच्या शब्दांचा आता उपयोग होत नाही.

उर्जाला यातले काही माहीत नाही. तांबू पुढच्या वर्षी पोटात वासरू घेऊन येणार, असे ती वर्गातल्या मुलांना मराठीत सांगते आहे. मी तिचे वाक्य दुरुस्त करत नाही, कारण त्यात व्याकरणाची चूक नाही.

शेवटी एक लहानशी मागणी. ती मान्य करण्यास कोणताही नियम आड येणार नाही, असे वाटते. आपला निर्णय नकाराचा असेल, तर कृपया तो जावयांच्या नावे पाठवावा. माझ्या नावे आलेली जर्मन पत्रे उर्जा फोडते आणि मला मराठीत वाचून दाखवते.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

हेमचंद्र विष्णू देवस्थळी