तुझ्या रडण्यावर हसलेली माणसं

आये, परवा वाशीच्या एका हॉलमध्ये माणसं तुझ्यावर पोट धरून हसली, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. नातीने तिकिटं काढली होती. "आजी, भुताचे जुने, स्वस्तातले पिक्चर लावतात आणि दोन कॉमेडियन वरून कमेंट मारतात. जाम मजा येते." पडदा उजळला, तर समोर उरणकडचं आपलं मिठागर. बांधावर पांढरं लुगडं, मोकळे केस, हडळ झालेली तू. "अरे, हडळ भर दुपारी ड्युटीवर? सावली बघ केवढी!" एकजण माईकवर ओरडला. दुसरा म्हणाला, "पाय बघ, पाय! मेकअपचं सगळं बजेट टाचांवर गेलं."

मेकअप! त्या टाचा मिठाच्या पाण्याने चिरल्या होत्या. त्यांत तू रात्री खोबरेल भरायचीस आणि सकाळी पुन्हा टोपली घेऊन आगरात उतरायचीस. साठ सालानंतरची गोष्ट, मी आठ-नऊ वर्षांची असेन. पिक्चरवाल्यांकडे दिवे नव्हते, म्हणून रात्रीचे प्रसंग ते उन्हातच काढत होते. हडळ व्हायला आणलेली बाई खारट चिखल बघून गाडीत जाऊन बसली. पिक्चरचा साहेब हताश होऊन कामकरणींकडे बघतो, आणि तू टोपली खाली ठेवतेस. "मी उतरतंय. मना काय मीठ नवा हाय?" बाकीच्या बाया तोंडाला पदर लावतात. तुझ्या सासूला, माझ्या आजीला कळलं तर काय होईल, एवढंच माझ्या मनात.

तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, "बाई, आता तुमचं पोर मेलंय असं समजा आणि रडा." त्याला काय ठाऊक, की आदल्याच वर्षी माझा धाकटा भाऊ तापाने गेला होता. तू बांधावर बसलीस आणि अशी रडलीस, की साहेब थांबा-थांबा म्हणत राहिला तरी तुझं रडं थांबेना. मी धावत येऊन तुझा हात धरला. घरी परतताना तू म्हणालीस, "घरान कोनाला सांगू नको. तुजी आजी मना रडाया देत नाय, मेलेला पोर रडून परत येतो का, इचारते. तिकडं रडून घेतला." त्यानंतर भावासाठी रडताना मी तुला कधी पाहिलं नाही.

आये, तेच रडणं परवा पडद्यावर आलं. आणि तो माईकवाला तुझ्याच लयीत हेल काढून म्हणाला, "अगं, कांदा कमी चीर ना!" हॉल फुटला. शिट्ट्या, टाळ्या. मी उभी राहिले. "बंद करा! ती माझी आई आहे. ती खरं रडतेय." लोकांना वाटलं, मीही कार्यक्रमातलीच. आणखी हसले. नात माझा हात ओढत होती, "आजी, बस ना, प्लीज." मी बसले नाही. बाहेर पडले.

तो माईकवाला पोरगा मागोमाग बाहेर आला. "टेन्शन नका घेऊ आजी. त्या सीनला पब्लिक मरतं, म्हणून ठेवलाय." मी म्हटलं, "पिक्चर भिकार आहे, खुशाल हसा. सावलीवर हसा, टाचांवरसुद्धा हसा. पण तिचं पोर गेलं होतं रे, आणि रडायला तिला तेवढीच जागा मिळाली होती. तेवढा वेळ तोंड बंद ठेवता येत नाही तुम्हाला?"  तो म्हणाला, "नाव काय त्यांचं? पिक्चरात कुठेच नाहीये." मी सांगितलं नाही. त्याच्या तोंडी मला ते नको होतं. सीन काढतो म्हणाला. काढेल की नाही, देव जाणे.

हे वहीत लिहून ठेवतेय, धाडणार तरी कुठे? पण त्या पोरांवर एवढी आगपाखड केली, तर एक कबूल करायला हवं. उरणला तंबूत तो पिक्चर लागला, तेव्हा तू नवं लुगडं नेसून मला म्हणालीस, "चल, आयला बघाया." शाळेतल्या मुली मला हडळीची पोर म्हणायच्या. मी पोट दुखतंय म्हणून निजून राहिले. तू एकटी गेलीस, आणि परत आल्यावर आधी चूल पेटवून माझ्यासाठी पेज केलीस. माझं पोट दुखत नव्हतं, आये.