आज हात बरा नाही

अण्णा, तुमच्या शेवटच्या दोन दिवसांत मी का पोचले नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. सगळ्यांना जे सांगितलं ते खोटं होतं.

विश्रांतवाडीच्या आपल्या घरावरून विमान गेलं की मांडणीतली ताटं वाजायची आणि आई म्हणायची, "ह्यांना दुसरा रस्ता नाही का?" तुम्ही मान वर न करता जेवत राहायचात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आत जाताना काडेपेटी गेटवर काढून ठेवावी लागे. त्या सवयीने घरी आल्यावरही उंबऱ्यात उभे राहून खिसे उलटे करायचात. मी विचारायचे, "घरात कसला स्फोट होणार आहे?" तुम्ही म्हणायचात, "तुझ्या आईला विचार." एकदा पोळी मोडता मोडता तुम्ही तुमच्या सेक्शनमधली पद्धत सांगितलीत. सकाळी कुणाला धास्ती वाटली, तर त्याने सुपरवायझरला एवढंच म्हणायचं, "आज हात बरा नाही." त्या दिवशी त्याला बाहेर खोकी बांधायचं काम मिळे. कारण कोणी विचारायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही. मी विचारलं, "तुम्ही कधी म्हणालात?" तुम्ही म्हणालात, "म्हणालो की. तू झालीस त्या आठवड्यात रोज."

सॉफ्टवेअर कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं तेव्हा तुम्ही सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटलेत. मुंबईला जाणाऱ्या टॅक्सीत मी बसले, तर खिडकीशी वाकून म्हणालात, "विमानात पट्टा झोपेतही सोडू नकोस." मी फटकन म्हणाले, "अण्णा, तुम्ही कधी बसलायत का विमानात?" तुम्ही हसलात आणि मागे सरकलात. तुमचा तो चेहरा मला अजून छळतो.

वर्षभराने सुट्टी संपवून मी परत जात होते. खाली समुद्र, जेवणं नुकती झालेली, आणि विमान एकदम खाली गेलं. शेजारचे गृहस्थ वरच्या कप्प्यातली शाल काढायला उठले होते. ते छतावर आदळले आणि माझ्या मांडीवर कोसळले. कपाळ फुटलं होतं, माझी ओढणी रक्ताने भिजली. मला ओरखडाही नाही, कारण पट्टा बांधलेला होता. हवाई सुंदरी नंतर समजावत होती, हवेच्या असल्या धक्क्यांनी विमान पडत नाही, पट्टा लावून बसलं की झालं. मला पटत होतं, तरी उतरेपर्यंत मी पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. फोनवर तुम्हाला मात्र सांगितलं, प्रवास छान झाला.

मग काही महिन्यांनी दादाचा फोन आला, "अण्णांना ॲडमिट केलंय. लगेच निघ." मी निघाले. तिकीट त्याच दिवशीचं मिळालं होतं, अण्णा. सामान पुढे गेलं होतं. माझं नाव तीनदा पुकारलं आणि मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले. मला उठताच येईना. विमान गेल्यावर दादाला फोन केला, "सीटच मिळत नाहीये रे. दोन दिवस लागतील." दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. झोपेची गोळी घेऊन मी आले, तोवर सगळं उरकलं होतं. दादा म्हणाला, "सारखं विचारत होते, तिला तिकीट मिळालं का." मी त्याच्यासमोर रडले, पण खरं बोलले नाही.

खरं तर तुम्हालाच फोन करायला हवा होता. कारण न विचारणारे घरात तुम्ही एकटेच होतात. मी ते वाक्य म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, बरं, उद्या बघू. आणि निदान तिकिटाची वाट बघत गेला नसतात.

आता मी पुण्यातच असते, आईजवळ. कोणी आलं की ती अजून सांगते, पोरीला तिकीट मिळालं नाही हो, नाहीतर आली असती. मी मान हलवते आणि चहा पुढे करते. आत्ता ती आत भाजी निवडतेय. हे सगळं तिला वाचून दाखवावं म्हणून मघाशी उठले होते. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. अण्णा, आजही हात बरा नाही.